रविवारी उशिरा उठणारी नदी

छत्रीताईच्या उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या गच्च्यांवर गेली. टीव्हीच्या त्या गोल छत्र्या असायच्या ना, त्या बसवायचं काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा पाना, पक्कड आणि गिऱ्हाइकं एकदमच तिच्याकडे आली. ती पत्र्यावर सरसर चढायची. खाली उभ्या घरमालकाचा जीव टांगणीला लागायचा, हिला काही नाही. वर जाऊन एक डोळा बारीक करून आकाशाकडे बघायची, छत्रीला टिचकी मारायची आणि ओरडायची, "दिसलं का?" खालून "मुंग्या!" असं उत्तर आलं की अजून एक टिचकी. तिसऱ्या टिचकीला चित्र आलं नाही असं कधी झालं नाही, असं ती सांगते. झालंही असेल, पण आता कोण विचारायला जातंय?

पुढे लोक सगळं फोनवरच बघायला लागले, छत्र्यांमध्ये कावळे संसार थाटायला लागले, आणि छत्रीताई नदी कार्यालयाच्या दुरुस्ती खोलीत नोकरीला लागली. नदीत पाणी किती, ते किती तापलं, किती गढूळ झालं, याच्या नोंदी ठेवणारं हे कार्यालय. नदी लांबलचक आणि कार्यालयात माणसं मोजून सहा. म्हणून नदीकाठी तीन ठिकाणी यंत्रं बसवलेली होती. यंत्र पाणी मोजायचं, डोक्यावरून उपग्रह गेला की त्याला निरोप द्यायचं, आणि उपग्रह तो निरोप कार्यालयात आणून टाकायचा. सोय उत्तम होती. फक्त यंत्रं परदेशी. बिघडलं की खोक्यात घालून परदेशी पाठवायचं, आठ महिन्यांनी ते परत यायचं आणि सोबत चिठ्ठी असायची: "आत गांधीलमाशीचं घर होतं. काढून टाकलं." आठ महिने! गांधीलमाशीचं घर काढायला!

तिसऱ्यांदा तीच चिठ्ठी आली आणि छत्रीताईचं टाळकं सटकलं. "असं काय सोनं भरलंय यात?" म्हणत तिनं ते यंत्र टेबलावर उघडं केलं. आत सोनं नव्हतं. बोटभर लांबीची सर्किटची एक पट्टी होती, बॅटरी होती, अँटेना होती आणि बाकी सगळी हवा. एका यंत्राच्या किमतीत असली पन्नास होतील, असं तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं. साहेब हसले. नदी कार्यालयाचे साहेब म्हणजे भला माणूस, पण त्यांना खोलीबाहेरची नदी फारशी आवडायची नाही. कागदावरची आवडायची.

छत्रीताई मात्र हट्टाला पेटली, आणि तिच्या हट्टाला कारण होतं. वरच्या धरणातून पाणी सोडलं की खालच्या वस्त्यांना ते कळायचं काठावर घासायला ठेवलेली भांडी वाहून गेल्यावर. एकदा भांड्यांबरोबर एक म्हातारी वाहून गेली होती. तीन यंत्रांनी एवढ्या नदीचं काय होणार? वळणावळणाला एक हवं. आणि वळणावळणाला एक हवं तर ते स्वस्त हवं, आणि बिघडलं तर तिथल्याच माणसाला पक्कड घेऊन नीट करता यायला हवं.

तर डबा. स्वयंपाकघरातला, पाच किलोचा, घट्ट झाकणाचा, झाकणाला रबराची कडी. त्यात पट्टी आणि बॅटरी. डोक्यावर तळहाताएवढं सौर पॅनेल. पोटातून निघालेली वायर पाण्यात, तिच्या टोकाला सेन्सर. डबा दर पाव तासाला पाणी मोजून लक्षात ठेवायचा आणि दिवसातून तीनदा उपग्रह आला की दहा मिनिटांत सगळं भडाभडा सांगून मोकळा व्हायचा. राहता राहिली अँटेना. तिला पातळ पोलाद हवं, वाऱ्यानं वाकलं तरी पुन्हा सरळ होणारं. असं पोलाद जगात एकाच ठिकाणी सहज मिळतं, आणि ते म्हणजे सुताराची मोजपट्टी.

सुतारकाका त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. सकाळी साडेआठला पंप लावून इमारतीची टाकी भरायचं काम त्यांच्याकडे होतं. छत्रीताईनं त्यांची मोजपट्टी "जरा बघते हं" म्हणून नेली आणि संध्याकाळी परत केली. काकांनी उघडून बघितली तर ती एकसष्टपासून सुरू होत होती. बिचारे प्रत्येक मापातून एकसष्ट वजा करायला लागले. फक्त एकदा विसरले. चौकट पट्टी अख्खी असताना मोजली होती, दाराची फळी कापली या पट्टीनं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या दारावरून आतल्या माणसाचं डोकं अजून दिसतं.

डबे दोन झाले. पाणी आत शिरतं का ते बघायला छत्रीताईनं ते दिवसभर कपड्यांच्या टबात बुडवून ठेवले, मग उघडून बघितले. आत कोरडे ठणठणीत! ती आनंदानं स्वयंपाकघरातच नाचली. झाकणं ओट्यावर वाळत टाकली. एकावर ऑइलपेंटनं 'एक' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'दोन'. डब्यांवर काहीच नव्हतं. तेवढ्यात तिथे वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात काढून आता धाकट्या भावाकडे राहायला आलेल्या. नोकरी सुटली तरी हात थांबेनात. पडदे धुवायच्या, पायपुसणी धुवायच्या, कपडे वाळत घालायची दोरी धुवायच्या. घरातला साबणसुद्धा त्या धुऊन ठेवतात, आणि ही थट्टा नाही, मी स्वतः बघितलंय. भिंतीतल्या नळाचा नुसता आवाज ऐकून गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय ते सांगायच्या, आणि ते बरोबर निघायचं.

वन्संनी दोन्ही डब्यांना झाकणं लावून बघितली. "अगं, हा डबा लाल, याची कडी लाल. तो पांढरा, त्याची पांढरी. झाकणं उलटी ठेवलीस तू. आणि नंबर झाकणावर कशाला लिहिलास? नाव डब्यावर लिहायचं असतं, झाकणाचा काय भरवसा?"

छत्रीताई तेव्हा ढगात होती. ती म्हणाली, "वन्सं, हे तुमच्या डाळीचे डबे नाहीत. हे उपग्रहाशी बोलतात."

वन्संनी झाकणं तिनं ठेवली होती तशीच लावली, हात पुसले आणि बाहेर गेल्या.

कार्यालयानं अट घातली ती अशी. एक नंबरचा डबा नदीवर, चार तास लांबच्या पुलाखाली. दोन नंबरचा जवळपास, छत्रीताईच्या नजरेसमोर. नव्वद दिवस दोघांनी उपग्रहाची एकही फेरी चुकवायची नाही. मग समिती येऊन बघणार. पसंत पडले तर नदीवर चाळीस ठिकाणी हेच डबे बसणार. नाही पडले तर दुरुस्ती खोलीला कुलूप, आणि छत्रीताईची बदली भांडारात, खुर्च्या मोजायला. दोन नंबरसाठी रोज खालीवर होणारं पाणी हवं होतं. ते कुठे असतं? इमारतीच्या टाकीत! डबा गच्चीवर बसला, सेन्सर टाकीत गेला, आणि घरातल्या फ्रिजवर उपग्रहाच्या फेऱ्यांचं वेळापत्रक चिकटलं. "आला, आला!" असं ओरडत ती जेवता जेवता उठायची. एवढी लगबग तिनं सख्ख्या भावासाठी कधी केली नव्हती, असं तिचा नवरा म्हणायचा.

एक नंबरचे निरोप साहेबांच्या संगणकावर जायचे आणि दोन नंबरचे हिच्या. साहेब आपला आलेख कुणाला दाखवेनात. नुसते गालातल्या गालात हसायचे आणि म्हणायचे, "नदी भलतीच रंगतदार आहे हो!" एकदा पुलावरच्या राखणदाराचा फोन आला. "साहेब, तुम्ही विचारताय रोज सकाळी नदी कुठे जाते, पण ती इथेच आहे. मी आत्ता तिच्यासमोरच उभा आहे." साहेब म्हणाले, "तुम्ही नुसत्या डोळ्यांनी बघताय, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

इकडे छत्रीताई आपल्या टाकीचा आलेख बघून चक्रावली. सकाळी सगळी इमारत आंघोळी उरकते, तरी टाकीतलं पाणी हलत नाही. काका पंप लावतात, तरी वाढत नाही. नुसतं दिवसरात्र, अगदी हळू, कणाकणानं खाली जातंय. तिनं डोकं चालवलं, आणि तिचं डोकं एकदा चालायला लागलं की देवच वाली. सकाळी हलत नाही, म्हणजे लोक काटकसरीनं वागतायत. पंप लावून वाढत नाही, म्हणजे जेवढं येतं तेवढं कुणीतरी तेव्हाच्या तेव्हा वापरतंय. आणि दिवसरात्र उतरतंय, म्हणजे कुठल्यातरी घरात एक नळ सतत चालू आहे. सतत कोण धूत असतं?

अहो, चार पायऱ्यांची शिडी होती! वर चढून टाकीचं झाकण उचलून आत डोकावायचं होतं, बस! रोज तीनदा ती गच्चीवर जायची, डब्याला हात लावून यायची, पण टाकी उघडून बघायचं तिला सुचलं नाही. डब्यावर विश्वास होता ना.

चाळिसाव्या दिवशी जिन्यात इमारतीची बैठक भरली, उन्हाळ्यात पाणी पुरवायचं कसं यावर. छत्रीताई आलेख घेऊनच आली. "पाणी कुठे जातंय ते यंत्रानं सांगितलंय," ती म्हणाली. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण या इमारतीत एक घर असं आहे, जिथे साबणसुद्धा धुतला जातो."

सगळ्यांनी माना वळवल्या. वन्सं जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर धुतलेल्या चादरींची चळत. त्या उठल्या आणि चादरी छातीशी धरून खाली गेल्या. पहिल्या मजल्यावरचे मास्तर, जे स्वतः अर्धा तास गाणी म्हणत आंघोळ करतात, त्यांनी च्च् च्च् केलं.

आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आलेखात टाकीचं पाणी चांगलं चार बोटं वर चढलेलं! "बघा! बोलल्याबरोबर फरक पडला की नाही?" छत्रीताई चहा घेता घेता म्हणाली. अगदी वन्संच्या तोंडावर म्हणाली. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच.

त्या दिवसापासून वन्संनी तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं बोलणं बंद. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत मशीनवर बसलेला असायचा. वन्सं स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "तिला सांग, भात झालाय." तो पायडल थांबवून मागच्या खोलीकडे तोंड करायचा, "अगं, ताई म्हणतेय भात झालाय." मागून उत्तर यायचं, "त्यांना सांगा, आले." तो वळून, "ताई, ती आली म्हणतेय." मध्ये अंतर पंधरा पावलांचं. दिवसातून तीनदा, जेवणांच्या वेळी, हा उपग्रह इकडचं तिकडे करायचा. एकदा कंटाळून त्यानं एक निरोप गिळला तर दोघींनी मिळून त्यालाच फैलावर घेतलं.

वन्संनी धुणंही सोडलं. रोज मोजून दोन बादल्या पाणी घ्यायच्या. पडदे मळले. दोरी काळी पडली. साबणाच्या वडीवर केस दिसायला लागले. छत्रीताईला ते बघवत नव्हतं. रात्री कूस बदलत नवऱ्याला म्हणायची, "मी जरा जास्तच बोलले का हो?" तो म्हणायचा, "हा निरोप तिला पोचवू का?" मग ही पांघरूण ओढून घ्यायची. वाईट तर वाटत होतं, पण आलेख समोर होता, आणि आलेख खोटं बोलत नाही अशी तिची खात्री होती.

नव्वदावा दिवस उजाडला. नदीवर चार तास कोण जाणार, म्हणून समिती गच्चीवरच आली. तिघंजण. अध्यक्षबाईंना दोन चष्मे होते, एक नाकावर आणि एक डोक्यावर, आणि त्या मधूनमधून दोन्हींची अदलाबदल करायच्या. घराघरांतून खुर्च्या आल्या. छत्रीताईनं गच्ची झाडली, डबा पुसला, आणि सकाळपासून सातव्यांदा पाणी प्यायली. साहेब भलामोठा कागद गुंडाळून घेऊन आले होते. तो टांगायला जागा मिळेना, म्हणून त्यांनी कपड्यांच्या दोरीला लावला आणि तिथेच लटकणारे आठ चिमटे वापरले. चिमटे वन्संचे होते.

"ही आपली नदी!" साहेब हातात मोजपट्टी नाचवत म्हणाले. ती काकांची होती, खुणा दाखवायला मागून आणलेली. "बघा. रोज सकाळी सहाला ओसरायला लागते. साडेआठला अगदी तळ गाठते. आणि साडेनऊला पुन्हा काठोकाठ! अशी नदी जगात दुसरी नाही. मी हिला 'श्वासनदी' म्हणतो."

समितीतले एक जण मान डोलवायला लागले. साहेबांना चेव चढला. "इतकंच नाही. दर सातव्या दिवशी ती तब्बल दोन तास उशिरा ओसरते. चंद्राच्या कला! आणि या चौदा तारखेला ती भरलीच नाही. संध्याकाळपर्यंत कोरडीठाक! यावर मी स्वतंत्र निबंध लिहिणार आहे."

छत्रीताईनं तो आलेख पहिल्यांदाच बघितला. बघितला आणि ती साडेआठ, साडेनऊ बोटांवर मोजायला लागली.

नेमक्या त्याच वेळी वन्सं वर आल्या. त्यांना नदीशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना चिमटे हवे होते. त्या भावाला म्हणाल्या, "तिला सांग, माझे चिमटे मोकळे करा म्हणावं." आणि मग त्यांची नजर कागदावर गेली. तीस वर्षं पाण्यात हात घातलेली बाई ती.

"चौदा तारखेला पंप जळला होता," वन्सं म्हणाल्या.

"काय म्हणालात?" अध्यक्षबाईंनी चष्मा बदलला.

"पंप. संध्याकाळी दुरुस्त झाला. हे चित्र आमच्या टाकीचं आहे ना? सहाला हा एवढासा उतार, तो तळमजल्यावरचे काका. दोन तांब्यात आंघोळ. सव्वासहाला हा एवढा मोठा, ते पहिल्या मजल्यावरचे मास्तर, गाणी म्हणतात, नळ चालूच. हे पावणेआठचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. दारावरून डोकं दिसतं म्हणून सगळे भराभर उरकतात."

"बाई, ही नदी आहे!" साहेब कळवळून म्हणाले. "दर सातव्या दिवशीचा उशीर बघा की!"

"रविवार आहे तो," वन्सं म्हणाल्या. "रविवारी सहाला कोण उठतंय?"

वन्संनी टाकीकडे बघितलं, टाकीवरच्या डब्याकडे बघितलं. झाकणाची कडी एका बाजूनं जराशी उचललेली होती. डबा लाल, कडी पांढरी. मग त्यांनी छत्रीताईकडे बघितलं, पन्नास दिवसांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यात. आणि छत्रीताईला कळलं की वन्संना सगळं कळलंय.

एक वाक्य पुरलं असतं. 'मी तेव्हाच सांगितलं होतं.' हक्क होता त्यांचा. पण वन्संनी पदर सावरला आणि त्या समितीला म्हणाल्या, "मला काय कळतंय म्हणा त्यातलं. डाळीचे डबे धुणारी बाई मी. नदी असेलही तशी." आणि चिमटे न घेताच जिन्याकडे वळल्या.

"तेच म्हणतोय मी!" साहेब खुलले. "आता पुढचा कागद..."

छत्रीताईनं दोन गोष्टी झरझर तोलल्या. गप्प राहिलं तर साहेब खूश, समिती खूश, चाळीस डबे नदीवर. बोललं तर भांडार आणि खुर्च्या. वर चढताना तिला कधी भीती वाटली नव्हती, आता सपाट गच्चीवर वाटली. वन्सं तोवर दुसऱ्या पायरीवर पोचल्या होत्या.

"थांबा!" ती एवढ्यांदा ओरडली की अध्यक्षबाईंचा डोक्यावरचा चष्मा नाकावरच्या चष्म्यावर येऊन बसला. "वन्सं, थांबा. साहेब, ती नदी नाही. ती आमची टाकी आहे. माझ्याकडून झाकणं बदलली गेली. नंबर झाकणावर होते, डब्यांवर नव्हते. एक नंबर इथे बसलाय आणि दोन नंबर नदीवर. आणि मला तेव्हाच सांगितलं होतं, या वन्संनी, दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या, मी ऐकलं नाही. उलट उर्मटासारखी बोलले." आता तिला थांबता येईना. "आणि नव्वद दिवस मी ज्याला टाकी समजत होते ती नदी होती. उन्हाळ्यात नदी आटत होती आणि मी भर जिन्यात ते पाणी वन्संच्या नावावर टाकलं. सगळ्यांसमोर टाकलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. त्यांनी एक थेंब वाया घालवला नाही. चुकले मी."

मास्तर खुर्चीत जरा खाली सरकले. साहेब पालथ्या बादलीवर बसले आणि आपल्या श्वासनदीकडे एकटक बघत राहिले. खरंच वाईट वाटलं हो त्यांचं.

अध्यक्षबाई मात्र उठल्या. चार पायऱ्या चढल्या आणि त्यांनी टाकीचं झाकण उचललं. नव्वद दिवसांत ते उचलणारी ही पहिली व्यक्ती. "मोजपट्टी," त्या म्हणाल्या. साहेबांच्या हातातली पट्टी वर गेली. त्यांनी ती पाण्यात पार तळापर्यंत सोडली. "एकशे बावन्न."

"वजा एकसष्ट!" अख्खी इमारत एका सुरात ओरडली.

अध्यक्षबाईंनी वळून बघितलं. कुणीतरी पट्टीची हकिकत सांगितली, आणि त्या कितीतरी वेळ टाकीला धरून हसत होत्या. "म्हणजे एक्क्याण्णव. आणि डबा काय म्हणतो?"

छत्रीताईनं डब्याची ताजी नोंद बघितली. "एक्क्याण्णव."

मग पुलावरच्या राखणदाराला फोन लागला. एक्केचाळिसाव्या दिवशी पहाटे तुमच्या वहीत काय लिहिलंय? पानं उलटल्याचा आवाज आला. "वरून पाणी सोडलं होतं. चार बोटं चढलं. मी साहेबांना कळवलं होतं, ते म्हणाले तुम्हाला दिसत नाही."

वन्सं जिन्याच्या तोंडाशी थांबल्या होत्या. चार बोटं हे शब्द त्यांनी ऐकले. बोलल्याबरोबर पडलेला तो फरक त्यांच्यामुळे नव्हता, धरणामुळे होता. त्यांचा हात कठड्यावर जरा सैल झाला.

"नव्वद दिवसांत किती निरोप चुकले?" अध्यक्षबाईंनी खाली उतरत विचारलं.

"एकही नाही."

"दोन्ही डब्यांचे?"

"दोन्ही."

"म्हणजे या डब्यानं पंप जळलेला पकडला, रविवार पकडला, कोण किती आंघोळ करतं ते पकडलं. त्या डब्यानं धरणाचं पाणी पहाटे पकडलं. चुकलं ते फक्त झाकण." त्यांनी दोन्ही चष्मे काढून पुसले. "चाळीस मंजूर. एकाच अटीवर. नंबर डब्यावर लिहायचा, झाकणावर नाही. आणि तो मला तुमच्या हातचा नकोय."

छत्रीताईला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. गच्चीवर टाळ्या पडल्या, काकांनी मोजपट्टी हळूच खिशात घातली. तेवढ्यात वन्सं परत गच्चीवर आल्या. त्यांनी साहेबांचा कागद बाजूला केला आणि दोरीवरचे चिमटे एकेक करून काढले, आठही मोजून घेतले. मग टाकीवरच्या डब्यापाशी जाऊन उचललेल्या कडीवर बोट फिरवलं.

"पेंट आण गं," त्या म्हणाल्या. "आणि ब्रश धुतलेला आण."

शिंपी सवयीनं बायकोकडे वळला. "अगं, ताई म्हणतेय पेंट..."

"ऐकलं मी," छत्रीताई डोळे पुसत म्हणाली. "मलाच म्हणाल्या त्या." आणि ब्रश धुवायला जिन्यातून धावत सुटली.